धून कुणाकडून शिकलात?

लॉकडाऊनमध्ये मेलबर्नमधले आम्ही हौशी वादक रविवारी दुपारी ऑनलाइन जमून स्कॉटिश-आयरिश लोकधुना वाजवायचो. कोण कधी वाजवणार, ती यादी माझ्याकडे. स्क्रीनवर एका आजोबांच्या चौकटीत नावाऐवजी 'आयपॅड' दिसायचं. मी यादीत तेच लिहायचे. फिडल, म्हणजे व्हायोलिनच, छातीशी टेकवून ते आधी धून कुणाकडून शिकलो ते रंगवून सांगायचे. एकदा मी त्यांना मध्येच थांबवलं, "गोष्ट नको, फक्त वाजवा. प्रत्येकी तीनच मिनिटं."

"नो वरीज, बॉस," ते हसले. "पण शिकवणाऱ्याचं नाव न घेता वाजवलं, की चोरल्यासारखं वाटतं."

नंतर ते आलेच नाहीत. त्यांची एक धून मात्र मी उचलली होती. परवा ती वाजवल्यावर कुणीतरी विचारलं, "कुणाकडून शिकलात?"

मी जपून ठेवलेल्या याद्या काढल्या. प्रत्येकीत 'आयपॅड'च होतं.

"एका आजोबांकडून," मी खाली मान घालून म्हणाले.