चौथं रीळ

तो पिक्चर मी अठरा-वीस वेळा तरी पाहिला असेन आणि मला तो एकदाही आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जुने पिक्चर किती सुंदर असायचे हे मला कोणी ऐकवायला नको. नायिका पहिल्या गाण्यापासून खोकते आणि खोकत खोकत आणखी सहा गाणी म्हणते. नवरा दारुडा, बाहेरख्याली. घरातलं किडूकमिडूक सगळं विकून खातो, पण अंगावरचा कोट तेवढा कधी विकत नाही. सासू तिला जात्यावर बसवते, तर जात्यातून पिठाचा कण पडत नाही. ज्या बाईने आयुष्यात एक पायली दळली आहे तिला ते रिकामं जातं लगेच कळतं. आणि शेवटी नवरा थकूनभागून घरी येतो, ही त्याच्या पायावर पडते आणि तो म्हणतो, जा, मी तुला क्षमा केली. कशाबद्दल, ते विचारायचं नाही.

हा पिक्चर आमच्या धुळ्याच्या घरी, अंगणात दाखवला जायचा. माझं लग्न होऊन मी अमळनेरहून तिथे आले तेव्हा साठीचं दशक निम्मं सरलं होतं. माझे थोरले दीर, ज्यांना अख्खी गल्ली भाऊ म्हणायची, ते पूर्वी तंबूची टॉकीज चालवत. शिरपूरकडच्या जत्रा, बाजार, सातपुड्याच्या पायथ्याची गावं असा त्यांचा फेरा असे. पुढे धंदा बसला, तंबू विकला गेला. एक लहान प्रोजेक्टर आणि या एकाच पिक्चरचे पत्र्याचे डबे मात्र त्यांनी खाटेखाली जपून ठेवले होते. भाऊ विधुर होते, मूलबाळ नव्हतं, आणि घर त्यांच्या शब्दावर चालायचं. माझे मालक त्यांचे धाकटे भाऊ, एसटीत नोकरीला. ते डेपोतल्या साहेबाशी भांडत, पण घरात भाऊंपुढे तोंड उघडत नसत.

महिन्या-दीड महिन्याने एखाद्या शनिवारी दिवेलागण झाली की अंगणाच्या मधोमध पडदा म्हणून पांढरं धोतर बांधलं जायचं. पुढच्या बाजूला प्रोजेक्टर आणि पुरुषमंडळी, मागच्या बाजूला आम्ही बायका. तंबूत तशीच रीत होती आणि भाऊंनी ती घरातही ठेवली. कापडातून चित्र आरपार दिसायचं, पण उलटं. पाट्या वाचता यायच्या नाहीत. सगळे डाव्या हाताने जेवायचे, डाव्या हाताने मारायचे. नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर यायचा, म्हणून शेजारच्या बायकांनी ती गुजरातीण आहे असं ठरवून टाकलं होतं. तिला मराठी बोलता येतं याचं त्यांना भारी कौतुक होतं. मी एकदा समजावून सांगायला गेले, तर एकजण म्हणाली की तू फार शिकलेली, तुला सगळ्यातच खोट दिसते. त्या बाईशी मी दोन महिने बोलले नाही.

पिक्चर संपला की पुढच्या बाजूला चर्चा चाले. म्हणजे भाऊ बोलत आणि बाकीचे माना डोलवत. बाईने असं असावं, सोशिक असावं, आजकालच्या पिक्चरमध्ये काय आहे, नुसता नाच. आणि भाऊ रडत. दर वेळी, त्याच जागी, उपरण्याने डोळे पुसत. त्या रडण्याचा मला जितका राग यायचा तितका दुसऱ्या कशाचाच येत नसे. घरातली बाई तापाने फणफणून चुलीपुढे बसली तर या माणसाचा डोळा कधी ओला झाला नाही. माझी मतं मी स्वयंपाकघरात, ज्वारीचे बिबडे थापताना, माहेरी आलेल्या नणंदेला सांगत असे. ती हसायची. म्हणायची, तुझी जीभ म्हणजे नुसता विळा आहे.

तिला आम्ही अक्का म्हणायचो. भाऊंहून बरीच लहान, माझ्या मालकांहून मोठी. पाचोऱ्याला दिलेली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि सण झाला की परत जातात. अक्का माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला आली ती पाठीवर वळ घेऊन. न्हाणीत मी पाणी ओतताना पाहिले. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सण सरला, वैशाख संपला, तरी ती जायचं नाव काढेना. गल्लीत कुजबुज सुरू झाली. मग भाऊंनी जावयाला बोलावून घेतलं, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी जेवू घातली आणि संध्याकाळी अंगणात धोतर बांधलं. पिक्चर संपल्यावर त्यांनी पडद्यापलीकडून विचारलं की अक्का, कसा वाटला. ती म्हणाली, चांगला शे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याबरोबर पाचोऱ्याला गेली.

आता मला जे माहीत होतं ते सांगते. तो पिक्चर तिथे संपत नव्हता.

मी दहा वर्षांची असताना अमळनेरच्या थेटरात, आईच्या मांडीला मांडी लावून, पुढच्या बाजूने तो पूर्ण पाहिला होता. नवरा क्षमा करतो, त्यानंतर आणखी एक रीळ आहे. त्यात ती बाई उठते, तोंड धुते, मुलाचा हात धरते आणि टांग्यात बसून निघून जाते. पुढे ती एका शाळेत शिकवते आहे आणि नवरा खिडकीशी येऊन उभा राहिला आहे. ती शिपायाला म्हणते, खिडकी लावून घे, मुलांचं लक्ष जातं. तिथे तो संपतो. थेटरात तेव्हा पुरुषांनी शिट्ट्या मारल्या, कोणी चप्पल फेकली, आणि आई मला घट्ट धरून मागच्या दाराने बाहेर घेऊन गेली.

धुळ्याला पहिल्यांदा पाहिला त्याच वेळी मी ओळखलं की चौथं रीळ नाही. समाप्तची पाटीही भलत्याच पिक्चरची जोडलेली होती. तिच्यावर कमळ होतं आणि संगीत मध्येच तुटायचं. मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, एका जत्रेत त्या शेवटापायी लोकांनी तंबूच्या दोऱ्या कापल्या होत्या. तेव्हा भाऊंनी ते रीळ काढून टाकलं. माणसाने पिक्चर पाहून निमूट घरी जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. धंद्यासाठी कापलं होतं, हे मी समजू शकत होते. पण तंबू विकल्यावरही घरातल्या बायकांना तो तुकडाच पूर्ण पिक्चर म्हणून दाखवायचा, आणि वर त्यावर प्रवचन द्यायचं, याला मी लबाडीच म्हणते. ती लबाडी आहे असं त्यांच्या मनातही आलं नसेल. याचा मला जास्तच संताप यायचा.

मग त्या आखाजीला मी का बोलले नाही? अक्काला नुसतं न्हाणीत सांगायचं होतं. भाऊंपुढे तोंड उघडायची गरज नव्हती. पण मला सहावा महिना होता आणि बाळंतपणाला अमळनेरला जायचं होतं. पाठवायचं की नाही ते भाऊ ठरवणार होते. अक्काने पुढे कधी माझं नाव घेतलं असतं, तर मला धुळ्यातच ठेवलं असतं. एवढाच हिशेब होता. मी आईकडे गेले, मुलगा झाला, बाळंतविडा झाला, सगळं यथासांग झालं.

अक्का मार्गशीर्षात एकटी परत आली. तिच्या डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने तोंडात मारली होती, ती कानावर बसली. डॉक्टर म्हणाले, आता काही होणार नाही. भाऊ आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, आता तरी त्यांना कळलं असेल. पण माघ उलटला, गल्लीत पुन्हा कुजबुज झाली आणि आखाजीच्या तोंडावर पाचोऱ्याला पुन्हा निरोप गेला. जावई पुन्हा आला. पुन्हा आमरस, पुन्हा खापरावरची पोळी. तो ताटावरून उठला तेव्हा त्याने मला पोळ्या मऊ झाल्याचं सांगितलं. त्याच्या ताटात राख वाढायला हवी होती असं माझ्या मनात आलं, आणि मी मान खाली घालून ताट उचललं.

दिवेलागणीनंतर धोतर बांधलं गेलं. तिन्ही रिळं झाली. कमळाची पाटी आली. भाऊंनी डोळे पुसले असतील, आम्हाला मागून दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, अक्का, कसा वाटला. अक्का माझ्या उजवीकडे तोंड फिरवून बसली होती, तिचा बहिरा कान पडद्याकडे होता. तिला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग जावई हसला आणि पुरुषांना म्हणाला, तिचं असंच आहे, तिच्या कानात सदा बोळे असतात. दोघे-तिघे त्याच्याबरोबर हसले.

मी उठून उभी राहिले. प्रोजेक्टरचा उजेड अजून कापडावर होता. लग्न झाल्यापासून मी भाऊंशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते, आणि त्या वेळीही मध्ये धोतर होतंच.

"भाऊ, पिक्चर अजून बाकी शे," मी म्हणाले.

पलीकडून भाऊंचा आवाज आला. "पिक्चर सरना. उठा आते."

मी थांबले नाही. टांगा सांगितला, शाळा सांगितली, खिडकी सांगितली. हे सगळं मी लहानपणीच अमळनेरला पाहिलंय, हेही सांगितलं. अक्काने आपला चांगला कान माझ्याकडे केला होता. मी संपवलं तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग ती उठली, धोतराच्या कडेने पुढच्या बाजूला गेली, पुरुषांसमोर उभी राहिली आणि भावाला म्हणाली की मी पाचोऱ्याला जाणार नाही. आवाज चढवला नाही. भाऊंनी प्रोजेक्टरचं बटण बंद केलं आणि अंगणात अंधार झाला, तरी ती तिथेच उभी होती.

जावई सकाळच्या पहिल्या गाडीने गेला. भाऊंनी मला जाब विचारला नाही. मालकांनी मात्र पंधरा दिवस माझ्याशी अबोला धरला, त्याचं मला फार काही वाटलं नाही. धोतर पुन्हा कधी बांधलं गेलं नाही. अक्का सातवी शिकलेली होती. तिने सरकारी दवाखान्यात आयाची नोकरी धरली आणि शेवटपर्यंत ती आमच्याच घरी राहिली.

मला वाटलं होतं, आमचं सूत आता आणखी जमेल. झालं उलटंच. अक्का माझ्याशी लागेल तेवढंच बोलू लागली. मीठ दे, दूध उतू जातंय, मूल उठलं. माझ्या बोलण्यावर हसायची ती बंद झाली. भाऊंशी मात्र ती पूर्वीसारखीच होती. सत्तरीच्या दशकात भाऊंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा दवाखान्यातून दमून आल्यावर ती त्यांना भरवायची, त्यांचं अंग पुसायची, त्यांच्या उशाशी बसून दवाखान्यातल्या गमती सांगायची. ज्या माणसाने तिला दोन वेळा त्या घरात ढकलायचं ठरवलं, त्याच्यासाठी ती भाताची पेज गाळत होती. मला ते बघवत नव्हतं. तिचा रागच यायचा. मी तिला वाचवलं होतं आणि ती माझ्याकडे पाठ करून बसत होती.

एक दिवस ती पेज गाळत असतानाच मी तिला ते बोलून दाखवलं. म्हटलं, अक्का, माझं काय चुकलं ते तरी सांगा. भाऊंसाठी एवढं करता, आणि मला मात्र परक्यासारखं वागवता.

तिने पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. चांगला कान माझ्याकडे होता, तिने मला पुन्हा बोलायला लावलं नाही.

"भाऊले समजत नव्हतं," ती म्हणाली. "तुले पहिलेपासून समजत व्हतं."

मग तिने वाटी उचलली आणि ती भाऊंना भरवायला आत गेली.