पिवळ्या रेघांचा लसूण

जोंगरान दिवसभर लसूण सोलायची, पण तिच्या टिश्यू कल्चरच्या खोलीत लसणाचा वास नसे. स्पिरिटचा असे. पाकळीच्या गाभ्यातला खसखशीहून बारीक कोंब कापून ती बाटलीतल्या जेलीवर ठेवायची. लसणाचा रोग त्या टोकापर्यंत सहसा पोचत नाही.

तिची आई सुनबोक उइसंग जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या गावात एकटीच राहायची. लग्नात ओच्यात बांधून आणलेला माहेरचा लसूण तिनं जन्मभर लावला. लसणाला बी धरत नाही. पाकळीतूनच पाकळी, आणि तिच्याबरोबर रोगही. गड्डे दरसाल लहान होत बोराएवढे झाले. वाण संपणार हे जोंगरानला दिसत होतं. तिनं त्यातले कोंब काढले. बहुतेक काळे पडले, एकच धरला. त्याचे वाढवत वाढवत टोपलीभर गड्डे झाले, ते तिनं शरदात आईला नेऊन दिले. "ओढ्यापलीकडं लाव. जुन्याजवळ नको, माव्याची कीड त्याचा रोग याच्यावर आणेल."

वसंतात ती गावी गेली, तर जुन्या ओळींच्या मधोमध नवा लसूण उभा.

"आई, हे काय केलंस?"

"काय केलं? लावला तुझा लसूण."

"ओढ्यापलीकडं म्हटलं होतं ना?"

"तिकडं कोण आहे गं त्याचं? पानं बघ, नुसती हिरवी. आपल्या लसणाला पिवळ्या रेघा असतात, माझ्या आईच्या लसणालाही होत्या. म्हटलं, राहा बाबा यांच्यात, शिकशील."

"त्या रेघा म्हणजेच रोग, आई."

सुनबोकनं खुरपं मातीत टेकवलं. मग म्हणाली, "म्हणजे माहेरचा म्हणून मी रोगच ओळखत आले होय?" आणि हसली. "तूही तसलीच. जेवायला बस म्हटलं की आधी हात धूत बसतेस. बाटलीत राहून राहून तुझ्या अंगाचा घरचा वास गेला बघ."

जोंगराननं वाकून एक नवं पान उलटलं. त्यावर बारीकशी पिवळी रेघ उमटली होती. म्हातारीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"आला. आपल्यातला झाला."

सगळं उपटून टाकायला हवं होतं. जोंगराननं पान तसंच सोडून दिलं. आईनं वाढलेला भात तिनं कच्च्या लसणाबरोबर खाल्ला आणि शेवटच्या बसनं निघाली.

तिच्या खोलीतल्या फळीवर त्याच कोंबाची एक बाटली उरली होती. काम झालं म्हणून या आठवड्यात ती टाकून द्यायची होती. जोंगराननं ताजी जेली तयार केली. आता निरोगी उरलं ते हे एवढंच, आणि हे कुणाजवळ लावायचं नाही.

बोटांना आईच्या लसणाचा वास होता. बाटली उघडण्याआधी तो धुवावाच लागला.