सुब्बैयाला उत्तर द्यायचं नव्हतं

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी सांगू लागलं की मीच टर उडवायची... आता तुम्ही माझी उडवा. आम्ही तंजावूरचे मराठी, देवनागरी मी उशिरा शिकले, तेव्हा चुका पोटात घाला.

ओरत्तनाडूच्या रस्त्यावर बौद्धिक अपंगत्व असलेल्या पुरुषांचा एक बंद वॉर्ड आहे. दाराला कायम कुलूप. तिथे दर बुधवारी मी ग्रुप घेते. भीती कशी ओळखायची, राग आला तर काय करायचं, इतरांना ऐकू न येणारा आवाज आला तर लपवायचं नाही, सांगायचं. शेवटी प्रत्येकाने 'पोयिट्टु वरेन', म्हणजे 'जाऊन येतो', म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'पोयिट्टु वा', 'जाऊन ये', म्हणायचं. नुसतं 'जातो' आपल्याकडेही कुणी म्हणत नाही. ही सवय मीच लावली.

ग्रुपमधला सुब्बैया तापाने गेला. पुढच्या बुधवारी सगळ्यांचं म्हणून झालं, तर ग्रुपमधलाच चेल्लदुरै खिडकीजवळच्या त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडला, "पोयिट्टु वा!"

"कुणाला रे?"

"सुब्बैयाला. आत्ताच म्हणाला ना, अक्का!"

चेल्लदुरैला तिरुवैयारुला बहिणीकडे पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं. पण आवाजाचं त्याने डॉक्टरांनाही सांगितलं, मी शिकवलं होतं तसंच. डॉक्टरांनी त्याचं जाणं थांबवलं. मला फार वाईट वाटलं. "आता उत्तर देऊ नकोस हं," मी त्याला बजावलं.

पुढच्या बुधवारी तो बिचारा ओठ घट्ट मिटून बसला. भर दुपार, करंट गेलेला, पंखा बंद... आणि त्या खुर्चीतून आवाज आला —

"जाऊन येतों, अक्का."

मराठीत! आमच्या घरात बोलतात त्या, नाकातल्या 'तों'च्या मराठीत. सुब्बैयाला मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्या वॉर्डात माझ्याशिवाय कुणालाच येत नाही. आणि काय सांगू, सवयीने माझ्याच तोंडून निघून गेलं, "जाऊन ये."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मॅडम, थोडी रजा घ्या." याचा उलगडा मला अजून झालेला नाही. पण त्या दिवशी निघताना चेल्लदुरैने माझी ओढणी धरली.

"अक्का, तुलाही ऐकू आलं ना?"

"हो रे."

"मग तुला कसे बाहेर सोडतात?"

मी ओढणी सोडवून घेतली. मी बाहेर आले, मागे कुलूप लागलं. त्या दिवशी मी त्याला 'जाऊन येते' म्हटलं नाही... खुर्चीकडून उत्तर आलं असतं तर?