मुमताज मॅडमची कबड्डी

मुमताज मॅडम कुठलाही नवा खेळ आम्हाला शिकवायच्या आधी ओढणीने डोळे बांधून मैदानात एकट्याच खेळून बघायच्या. धडपडायच्या, पडायच्या, कपडे झटकून पुन्हा उभ्या राहायच्या. शेतावर निघालेली माणसं कुंपणापाशी थांबून हसायची. मॅडम म्हणायच्या, "हसा की. लेकरांना कुठं तकलीफ होईल ते बघून राहिले मी."

साखऱ्याच्या आमच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा मी आठवीत होते. माझा डावा पाय जन्मापासून आखूड, चालायला काठी लागायची. वर्गातल्या सारिकाला अजिबात दिसत नव्हतं. खेळाच्या तासाला आम्ही दोघी लिंबाखाली बसून राहायचो.

"ह्या दोघी काहून बसल्या?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"त्यांना सूट हाय," एक मुलगी म्हणाली.

"गणिताला सूट न्हाई, मग खेळालाच कशाला? उठा गं."

त्यांनी आम्हाला कबड्डीत घेतलं. चढाई करणारी 'कबड्डी, कबड्डी' म्हणतच येते, त्यामुळे ती कुठे आहे ते सारिकाला कानांनी कळेल, असं त्यांचं म्हणणं. रेषा पायाला लागावी म्हणून त्यांनी फक्कीच्या पांढऱ्या भुकटीखाली जाड सुतळी ठोकली. काठी धरून धरून माझे हात घट्ट झाले होते. माझं मनगट दाबून पाहत त्या म्हणाल्या, "ही पकड वाया घालवायची न्हाई." मग मला काठीशिवाय सारिकाशेजारी, हातात हात देऊन उभं केलं.

पहिल्याच आठवड्यात सारिका पडली आणि तिचं कोपर फुटलं. तिचे वडील शाळेत आले.

"मॅडम, आमचं लेकरू आंधळं हाय. तुमाला दिसत न्हाई का?"

"दिसतंय, भाऊ. पडली, बराबर हाय. बाकीच्या पोरी बी रोज पडतात. त्यांचे बाप येत न्हाईत."

वडील तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सारिका आईला सांगून परत मैदानावर आली.

हिवाळ्यात शेजारच्या गावातल्या शाळेचा संघ आमच्या मैदानावर खेळायला आला. सारिकाला पाहून पंच म्हणाले, "मॅडम, हिच्यासाठी नियम बदलता येणार नाहीत."

"बदलूच नका, सर. कबड्डी-कबड्डी मोठ्यानं ऐकू यायला पायजे, हा नियम हाय ना? तेवढा पाळायला लावा."

पंच हसले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

सामना आमच्या हातून निसटत चालला होता. त्यांची उंच, चपळ मुलगी चढाईला आली. सारिकाने माझा हात दाबला. आवाज आमच्या बाजूला वळला, अगदी जवळ आला, आणि सारिका एकदम खाली बसून तिच्या घोट्याला बिलगली. ती मुलगी आम्हाला फरपटत नेऊ लागली. मी सारिकाच्या कमरेला मिठी मारली, बाकीच्या वरून पडल्या. धुळीत शिट्टी वाजली.

"लाईनीला लागली का ती?" सारिकाने विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

सामना आम्ही हरलो. पण त्या पकडीला दोन्ही गावांची माणसं टाळ्या वाजवत होती. त्या गर्दीत सारिकाचे वडीलही होते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ते मॅडमसमोर आले.

"उद्या किती वाजता पाठवू हिला?"

"सात," मॅडम म्हणाल्या. "आणि डबा द्या. भूक लागते खेळल्यावर."

मॅडम आता निवृत्त होऊन हिंगोलीत राहतात. गेल्या ईदला मी आणि सारिका त्यांच्याकडे गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. माझी काठी दाराशी होती, सारिका माझ्या खांद्याला धरून उभी होती. पाहुण्यांपैकी एकीने विचारलं, "ह्या कोण?"

आमच्याविषयी लोक पहिल्यांदा काय सांगतात ते आम्हाला पाठ आहे. मॅडमनी सरबताचे पेले आमच्या हातात दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या टीमच्या पोरी. ह्यांच्या हातात सापडलेली एक बी सुटली न्हाई."