घंटीचं विमान

मेश्रामभाऊ रिकाम्या गल्लीतही सायकलची घंटी वाजवल्याशिवाय वळत नसत. चिटपाखरू नसो, उन्हाला कंटाळून कुत्रेसुद्धा ओट्याखाली शिरलेले असोत, वळणावर घंटी वाजलीच पाहिजे. फाटक उघडायचं तर आधी कडीचा खणखणाट. पंगतीत वरणाचं पातेलं उचलायचं तरी आधी पळीने टणटण. एकदा वैतागून मी म्हटलं, अहो, वाजवता तरी कोणासाठी? तर म्हणाले, "वहिनी, हालायच्या आधी सांगा लागते. खाली कोण उभं हाय, आपल्याले काय माहीत?"

हे 'खाली' म्हणजे कारखान्यातलं. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांची सगळी नोकरी क्रेनवर गेली. छताला टांगलेल्या केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या पोलादाची भांडी इकडून तिकडे न्यायची. क्रेन हलवण्याआधी घंटी द्यायची हा तिथला पहिला नियम. दुसरा नियमही ते येता-जाता ऐकवत: "सिग्नल एकाचाच घ्यायचा. 'थांब' मात्र कोणीही म्हणो, थांबायचं." रिटायर झाल्यावर वैशाली नगरात आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी घर बांधलं, पण अंगातली क्रेन काही उतरली नाही. लग्नाचा मांडव घालताना चार जण चार सूचना देऊ लागले की हे हात वर करून विचारत, "सिग्नल कोणाचा हाय?" एकदा माणूस ठरला की बाकीच्यांनी बोंबलून मरावं. माणूस लाख मोलाचा, पण हट्टी म्हणजे किती हट्टी!

त्यांचा धाकटा साळा प्रल्हाद हवाई दलात होता. नॅट नावाचं एक चिमुकलं लढाऊ विमान तेव्हा आपल्याकडे असे, आता ते केव्हाच मोडीत निघालं. त्याच्या कॉकपिटमधली, पायलटसमोरची काट्यांची घड्याळं आणि स्विच सांभाळणं हे प्रल्हादचं काम. म्हातारपणी साखरेने त्याचे दोन्ही डोळे नेले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. मेश्रामभाऊंच्या सुमनताई भावाला घरी घेऊन आल्या. आला तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. जेवण खाटेवर, बोलणं बंद. कोणी भेटायला आलं की चादर डोक्यावरून. मी जबरदस्तीने एकदा विचारपूस केली, तर म्हणाला, "मले आता कोपऱ्यातलं सामान समजा." सुमनताई दिवसेंदिवस सुकत चालल्या होत्या.

एका दुपारी मेश्रामभाऊंना दिसलं की पडल्या पडल्या प्रल्हादची बोटं खाटेच्या लाकडी कडेवर चालताहेत. काय करून राहिला, असं विचारल्यावर तो कसनुसा होऊन म्हणाला की काही नाही, नॅटमधले स्विच लावून पाहतोय, सगळे आठवतात की नाही ते. बस्स! संध्याकाळी मेश्रामभाऊ सायकल घेऊन हथखोजला, तिथल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. प्रल्हादसाठी अख्खं कॉकपिट बांधायचं, खऱ्याच्या मापाचं, अंगणात. मी म्हटलं, डोळे नसलेल्या माणसाला विमान कशाला हो? "डोळे गेले, वहिनी. हात तर जाग्यावर हायत," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून ग्राइंडर सुरू केला.

त्या हिवाळ्यात आमच्या घरी दुपारी कोणाचा डोळा लागला असेल तर शपथ. मी भिंतीवरून किती भांडले! मेश्रामभाऊ मुकाट ऐकून घेत आणि मी आत गेले की पुन्हा घर्रर्र. भंगारातून ट्रकची घड्याळं आली, कंप्रेसरचे काटे आले, दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून वाकवलेलं प्लास्टिकचं पारदर्शक झाकण आलं. पत्रा निवडला तो चांगला जाडजूड. विमान ॲल्युमिनियमचं असतं म्हणतात, पण आमच्या भिलाईच्या माणसाला लोखंडाशिवाय दुसरं काही मजबूत वाटतच नाही.

प्रल्हादला पत्ता लागू दिला नव्हता. विचारलं की म्हणत, कूलरचं स्टँड करून राहिलो. तयार झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून त्याला खाटेवरून उठवलं, जवळजवळ ओढतच आणलं आणि आत बसवलं. त्याने हात पसरले. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. तोंडावर काही उमटेना. मग पाय पुढे केला आणि टण्णकन घंटी वाजली.

"हे काय हाय?"

"घंटी," मेश्रामभाऊ म्हणाले.

"विमानात घंटी?"

"मग? खाली माणसं नसतीन काय?"

प्रल्हाद असा हसला म्हणता! पोट धरून, खोकला लागेपर्यंत. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. हसणं ओसरल्यावर म्हणाला, "भाऊजी, हे नॅट नाही, तुमचं क्रेन हाय. याच्यात दोन माणसं ताट वाढून जेवतीन. नॅट म्हणजे अंगात घाला लागते, बंडीवानी. दोन्ही खांदे पत्र्याला घासा लागते."

खरंच होतं ते. त्या बापड्याने मनातली मापं वापरली होती आणि मनात दुसरी केबिनच नव्हती. रुंद खुर्ची, दोन हातांशी दोन दांडे, पायाशी घंटी, आणि खाली वाकून पाहायला फट. विमानातून खाली कशाला वाकायचंय! मला वाटलं, एवढा खपला माणूस, आता खचणार. पण मेश्रामभाऊंनी चष्मा पुसला, प्रल्हादच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाडतो. आता सिग्नल तुहा."

मग सिग्नल प्रल्हादचाच. रोज सकाळी त्याच्यासाठी अंगणात स्टूल मांडलं जाई. खाटेवरच्या माणसाला विमानाचं नाव काढल्यावर ऊठ म्हणावं लागेना. तो हवेत हात धरी, इथे थ्रॉटलचा दांडा, त्याच्या बोटभर खाली हा स्विच, आणि मेश्रामभाऊ त्याच्या हाताखाली पत्रा सरकवत राहत. तो "थांब" म्हणाला की जागच्या जागी थांबत. दोघांची भांडणंही होत. घंटी ठेवावी की काढावी यावर तर दोन दिवस अबोला होता. शेवटी घंटी राहिली, पण बाहेरच्या बाजूला, प्रल्हादला लागणार नाही अशी.

उन्हाळा लागता लागता ते उभं राहिलं. प्रल्हाद आत बसला आणि त्याचे खांदे दोन्हीकडे टेकले. "आता झालं," एवढंच बोलला. मग त्याचा हात निघाला. न अडखळता एकेका स्विचवर जाई आणि तो त्याचं नाव घेई, खणखणीत, परेडवर घ्यावं तसं. पायलट डोळे बांधून असा सराव करत, तेव्हा शिडीवर उभं राहून तो हे पाहत असे, असं त्याने नंतर सांगितलं. सुमनताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. मीही रडले, लाज कसली त्यात.

त्यानंतर प्रल्हाद भिंतीला हात लावत आपला आपण अंगणात येऊ लागला. पुढे नळापर्यंत, पुढे मोरीपर्यंत. पण फाटक वाजलं की आत. परक्या माणसासमोर यायचं नाही म्हणजे नाही. मेश्रामभाऊंना त्याचीच चिंता. एकदा भिंतीशी येऊन हळूच म्हणाले, "मी हाय तोवर ठीक हाय, वहिनी. माह्यामागं हा पुन्हा भिंतीकडे तोंड करन." मी म्हटलं, काहीतरीच बोलता, तुम्हाला काय होतंय!

कसचं काय. गेल्या थंडीत गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, बसल्या जागीच गेले. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, आणि गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता त्या आंधळ्याचं कसं? सुमनताई तर पाण्यालाही शिवत नव्हत्या. त्यांनी कोणाकोणाला सांभाळावं?

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. मनात म्हणत होते, प्रल्हाद खाटेवर असेल, चादर डोक्यावरून असेल, त्याला काय म्हणायचं? दार वाजवलं. आतून पावलं आली, सावकाश, पण भिंत चाचपत आलेली नव्हती. दार प्रल्हादनेच उघडलं.

"वहिनी काय?" म्हणाला. "हळू बोला. ताईचा आत्ताच डोळा लागला."

माझ्या हातातला डबा त्याने घेतला, आत नेऊन ओट्यावर ठेवला. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. काठोकाठ भरलेला पेला घेऊन तो परत आला, एक थेंबही न सांडता, आणि माझ्यासमोर धरला.

"प्या," म्हणाला. "आणि काळजी नका करू. ताईले मी पाहतो."