फरच्या पानांची उशी

बुधवारी दुपारी दीड वाजला की लोरेट मिशो चर्चच्या तळघराचं कुलूप उघडायची, दिवे लावायची आणि लांबलचक टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची. एकतीस वर्षं हा नेम चालला होता. मध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा बुधवार चुकले, तेवढेच. गावातल्या बायका तिथं हातानं भेटवस्तू करायला जमत. कुणाचं लग्न असो, कुणाच्या घरी बाळ आलेलं असो, नाताळ असो, या नदीकाठी विकतची वस्तू घेऊन दारात उभं राहणं जरा लाजिरवाणंच वाटायचं.

लोरेटच्या अटी दोन. वस्तू दोन तासांत पुरी व्हायला हवी आणि तिच्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागता कामा नये. बटाटा अर्धा कापायचा, त्यावर चांदणी कोरायची, रंगात बुडवून पिठाच्या पिशवीच्या धुतलेल्या कापडावर उठवायची. झाले जेवणाच्या टेबलावरचे रुमाल. लोणच्याच्या रिकाम्या बरणीला बाहेरून डिंक लावून जाडं मीठ चिकटवायचं आणि आत मेणबत्ती ठेवायची. दिव्यावर बर्फ साचल्यासारखं दिसायचं. जुन्या लोकरी कोटांच्या पट्ट्या फाडून वेणी घालायची आणि ती वेणी चकलीसारखी गोल फिरवत शिवत जायची. शेगडीपुढं टाकायला छोटा गालिचा तयार. वेणीचं हे काम ती आईकडून शिकली होती, बटाट्याच्या शेतावरच्या घरात, अकरा भावंडांच्या गोंगाटात.

एकदा फ्लोरिन मासिकातलं एक चित्र घेऊन आली. फ्लोरिन म्हणजे लोरेटची शाळेपासूनची मैत्रीण.

"हे बघ, कसलं नाजूक काम आहे!"

"नाजूक आहे खरं," लोरेट म्हणाली. "म्हणजे लोक वा वा करतील आणि घरी जाऊन हात बांधून बसतील. सोपं काहीतरी आण गं. सोपं दिसलं की माणसाचे हात शिवशिवतात."

लहानथोर सगळे तिला मातांत म्हणत, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलीत मावशी. मातांत कुणाला नाही म्हणत नसे. पण एक वस्तू त्या तळघरात कधी आली नाही. फरची फांदी, सुईसारख्या पानांच्या त्या सदाहरित झाडाची.

नोव्हेंबर लागला की गावातल्या दारादारावर फरच्या हिरव्या फांद्यांची गोल तोरणं लागायची. लोरेटच्या दारावर लाल कापडाच्या वेणीचं तोरण असायचं. एखादी नवखी बाई विचारायची, "मातांत, फरचं तोरण कधी करायचं?" मग टेबलाखालून फ्लोरिनचा बूट तिच्या नडगीवर बसायचा.

लोरेटचा नवरा नॉर्मां लाकूडतोड्या होता. हिवाळाभर जंगलातल्या कॅम्पमध्ये राहायचा, शनिवारी घरी यायचा. अंगाला, केसांना, डब्याला, सगळ्याला फरच्या चिकाचा वास. रविवारी चर्चला जायच्या आधी लोरेट त्याचे हात डुकराच्या चरबीनं चोळायची, तेव्हा कुठं चीक निघायचा. तो हात सैल सोडून बसायचा आणि म्हणायचा, "जोरात चोळ, फादरला झाडाशी हात मिळवल्यासारखं वाटायला नको."

त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि मुलगी कोलेट आठ वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. नोव्हेंबरातला मंगळवार होता. नॉर्मां आणि त्याचा जोडीदार रेआल पेल्ट्ये दोघं मिळून झाडं पाडत होते. रेआलनं तोडलेलं झाड पडता पडता दुसऱ्या झाडाच्या शेंड्याला अडकलं, गर्रकन फिरलं आणि नॉर्मां उभा होता त्या बाजूला आलं. ट्रकमधून त्याला घरी आणलं. कोटाच्या घड्यांत, कॉलरमध्ये, बुटांत फरची पानं होती. स्वयंपाकघर त्या वासानं भरून गेलं आणि दफन होऊन गेलं तरी तो वास जाईना.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, शव दिवाणखान्यात ठेवलेलं असताना, रेआल टोपी हातात घेऊन आला. बायका जपमाळ म्हणत होत्या. लोरेट उठली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "तू बाहेर हो. तुझ्या अंगाला तो वास येतोय."

रेआल मागच्या मागं निघून गेला.

पुढं चौकशी झाली. कुणाचीच चूक नव्हती, असं निघालं. लोरेटलाही ते ठाऊक होतं. पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही, आणि घ्यायचा म्हटलं तर पहिलं पाऊल कुणी टाकायचं? रेआलनं जंगल सोडलं, तो बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात लागला. चर्चमध्ये तो उजव्या हाताच्या बाकांवर बसायचा, ती डाव्या. प्रार्थनेत शेजाऱ्यापाजाऱ्यांशी हात मिळवायची वेळ यायची, तेव्हा ती पुढच्या-मागच्या बाकांवरच्या सगळ्यांना हात द्यायची. मधली वाट ओलांडून तो हात पलीकडं कधी गेला नाही. चाळीस वर्षं.

त्या पहिल्या नाताळात घरात फरचं झाड आणायचं लोरेटच्या जिवावर आलं. पण पोर आठ वर्षांची. मग तिनं खिडकीचा जुना हिरवा पडदा कापून भिंतीवर झाड शिवलं आणि दागिन्यांच्या जागी बटणं लावली. शेजारणीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "मलापण दाखव ना." तिच्या मागून तिची बहीण आली. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात काम आणि दुपारी दारात कुणीतरी कापड घेऊन उभी. एके वर्षी फादरनीच तळघराची किल्ली तिच्या हातात ठेवली.

लोरेटच्या वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ऑक्टोबरातल्या एका बुधवारी तळघरात मार्टीन आली. रेआलची थोरली मुलगी. दक्षिणेकडच्या कनेक्टिकट राज्यातली नोकरी सोडून बापाची सेवा करायला परत आलेली. टेबलावरच्या कात्र्या एकेक करून थांबल्या.

"मातांत, पप्पांचे डोळे साखरेनं गेले. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेत. काही मागत नाहीत. एकच मागतात, फरच्या पानांची उशी. मी दुकानातून आणली, तर नाकाशी धरून फेकून दिली. म्हणाले, हा साबण आहे. मला शिवणाचं ओ की ठो कळत नाही. शिकवाल का?"

लोरेट मिठाच्या बरणीचं झाकण लावत राहिली. "इथं फर येत नाही."

"माहीत आहे. पप्पाच म्हणाले होते, तिथं जाऊ नकोस."

"मग ऐकायचं होतंस त्यांचं."

मार्टीन गेली. फ्लोरिनला राहवलं नाही.

"चाळीस वर्षं झाली, लोरेट."

"तू मोजतेस वाटतं?"

"तू नाही मोजत?"

लोरेट टेबलावरची वर्तमानपत्रं गोळा करू लागली. पण शुक्रवारी सकाळी तिनं कोट चढवला आणि रेआलच्या घराचा रस्ता धरला. कणव येऊन ती निघाली नव्हती. रागानं निघाली होती. ज्या वासानं तिला आयुष्यभर पळवलं, तो वास या माणसाला हवाहवासा वाटावा?

वरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग होता. रेआल वाळून काडी झाला होता.

"कोण आहे?"

"लोरेट."

त्यानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "बस."

"बसायला नाही आले. एवढंच विचारायला आले. तो वास तुला हवा? तुला?"

रेआलनं पांघरुणावर हात फिरवला. "माझा पहिला हिवाळा. मी सतरा वर्षांचा. रात्री सगळे पत्ते कुटत बसायचे आणि मी भिंतीकडं तोंड करून रडायचो. घर आठवायचं. बाकीचे हसायचे. नॉर्मांनं काय केलं, आचाऱ्याकडून पिठाची पिशवी मागून आणली, तोडलेल्या फांद्यांची पानं ओरबाडून तिच्यात कोंबली आणि पोती शिवायच्या सुईनं तोंड शिवलं. टाके कसले, कुत्र्यानं चावल्यासारखे! म्हणाला, घे, यात नाक खुपस. रडणं ऐकू तरी येणार नाही."

"थापा मारतोस. नॉर्मांला सुईत दोरा ओवता येत नव्हता."

"नव्हताच येत. आचाऱ्यानं ओवून दिला."

लोरेटच्या तोंडून हसू फुटलं. तिनं घाईनं हात तोंडावर धरला, जणू देवळात हसली. मग ती खुर्ची ओढून बसली.

"तो दिवस माझ्याजवळपण आहे, लोरेट," रेआल म्हणाला. "रोज असतो. पण त्याच्या आधीचे बारा हिवाळे आहेत. जाताना तेवढा एक दिवस सोबत घेऊन जायचं नाही मला."

खाली मार्टीनच्या भांड्यांचा आवाज येत होता. लोरेटनं कोटाचं बटण काढलं, लावलं, परत काढलं. चाळीस वर्षं जे कुणाला विचारता आलं नव्हतं, ते तिनं विचारलं.

"फादर म्हणाले होते, शेवटी त्यानं माझं नाव घेतलं."

"नाही," रेआल हलकेच म्हणाला. "काही बोलला नाही. वेळच नव्हता. मी ओरडलो, त्यानं वर पाहिलं आणि संपलं. त्याला दुखलंसुद्धा नसेल. फादरना तुला काहीतरी द्यायचं होतं, म्हणून दिलं."

लोरेटनं डोळे मिटले. तिला ते कधी खरं वाटलं नव्हतं, आणि खरं वाटत नाही याचीच तिला इतकी वर्षं लाज वाटत आली होती. एखादा जड हंडा खाली ठेवावा तसे तिचे खांदे उतरले.

"त्या दिवशी मी तुला घराबाहेर काढलं. चुकलं माझं."

"हो, चुकलं," रेआल म्हणाला. मग विचारलं, "कॉफी घेशील? मार्टीनला तेवढी एक बरी जमते."

दुसऱ्या दिवशी दुपारी लोरेट आणि मार्टीन रेआलच्या घरामागच्या टेकाडावर गेल्या आणि दोन टोपल्या भरून फांद्यांचे शेंडे कापून आणले. पानं ओली कोंबली तर बुरशी धरते, ती आधी सुकवावी लागतात. ती सुकवायला जागा एकच होती, लोरेटच्या स्वयंपाकघरातल्या शेगडीशेजारची. पहिल्या दिवशी तिनं मागचं दार सताड उघडं ठेवलं आणि अंगात दोन स्वेटर घालून कुडकुडत बसली. रविवारी चर्चहून परतली तेव्हा उंबऱ्यातच दाराची चौकट धरून ती उभी राहिली. मग आत गेली आणि पानं वरखाली केली, कारण ती वरखाली करायची असतात. मंगळवारी बाहेर फारच गारठा पडला, तेव्हा तिनं दार लावून घेतलं.

बुधवारी तिनं सुकलेल्या पानांची पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"काय बघताय?" लोरेट खेकसली. "सोपं आहे. वीतभर कापड, दुमडा, तीन बाजू शिवा, उलटा, भरा, चौथी शिवा. गच्च भरू नका. उशी आहे ती, वीट नव्हे."

मार्टीनचे टाके वेडेवाकडे पडत होते. फ्लोरिन उसवायला पुढं सरसावली तर लोरेटनं तिचा हात धरला. "राहू दे. त्याला असलेच हवे आहेत."

रेआल फेब्रुवारीपर्यंत जगला. शुक्रवारी सकाळी लोरेट त्याच्याकडं जायची. कधी गव्हाऐवजी बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाची पिवळी धिरडी करून न्यायची, त्यांवर लोणी. तो उशी छातीवर धरून हिवाळ्यांच्या गोष्टी सांगायचा, एकेका शुक्रवारी एकेक. कुठल्या हिवाळ्यात अस्वल पिठाच्या खोलीत शिरलं, कुठल्या हिवाळ्यात नॉर्मांनं पैज लावून बर्फातल्या ओढ्यात उडी मारली आणि नंतर लोरेटला सांगितलं की सर्दी फादरकडून लागली. काही शुक्रवारी त्याच्यात बोलायचं त्राण नसायचं, मग ती नुसती विणत बसायची. असे सात हिवाळे सांगून झाले. पाच राहिले.

दफनाच्या दिवशी लोरेट मधली वाट ओलांडून उजव्या बाकावर मार्टीनशेजारी बसली. मार्टीननं हळूच विचारलं, "उशी पप्पांबरोबर ठेवू का?"

"तू ठेव," लोरेट म्हणाली. "अधूनमधून दाबत जा म्हणजे वास टिकतो. मेलेल्याला कशाला उशी?"

त्या आठवड्यात तिनं कोलेटला फोन केला. कोलेट आता अठ्ठेचाळीस वर्षांची, तीही कनेक्टिकटलाच राहायची. बाप म्हटलं की तिला एक बंद शवपेटी आठवायची आणि आईचं गप्प बसणं. लोरेटनं तिला पहिला हिवाळा सांगितला, पिठाच्या पिशवीचा.

"ममां, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच माहीत नव्हतं गं."

"मग पुढचा सांग ना."

"फोनवर नाही जमणार. तू ये."

ईस्टरला कोलेट आली आणि चार दिवस राहिली.