उघडं कोंदण की बंद? एका हिऱ्यासाठी कन्नड ते गुलमंडी

यांची अंगठी मोडून मनीषाला नवी करायची ठरली. कारण आनंदाचं होतं, पोरीचं लग्न. तरी मी निघाले ती जड पावलांनीच.

आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. कन्नडला आमची पिठाची गिरणी होती, तिथंच उभ्या उभ्या कोसळले. त्याच्या दीड वर्ष आधी, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मी त्यांना एका हिऱ्याची अंगठी करून दिली होती. आमच्याकडं हिरा आधी आठ दिवस उशाशी ठेवून बघतात. वाईट स्वप्नं पडली, घरात काही बिनसलं, तर परत करतात. सराफानं तेव्हा तसं सुचवलंही होतं. मीच म्हणाले, आजच बसवून टाका, पुन्हा एवढ्या लांब कोण येणार. हिरा म्हणजे कोळशाचाच भाऊ, हे मी वाचलेलं आहे. सातवीत शाळा सुटली तरी गिरणीत बसून रद्दीतलं, वाचनालयातलं पुष्कळ वाचलं. पण ते न ठेवलेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीत.

आदल्या दिवशी मोठ्या जाऊबाई येऊन बसल्या. "भाऊजींना तो खडा लाभला नाय, अन् आता पोरीच्या बोटात घालती व्हय?"

मी कणीक मळत राहिले.

सकाळच्या एसटीनं निघाले. बायकांना अर्धं तिकीट. कन्नडहून जिल्ह्याचं शहर दोन तास म्हणतात, अडीच धरून चला, कारण दौलताबादला रस्त्यावरच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच मोठी गाडी जाते. आम्ही तिथं वीस मिनिटं थांबलो. वेरूळला पर्यटक मुली चढल्या होत्या, त्यांचं हसणं चाललं होतं. मी अंगठीची डबी ब्लाउजमध्ये ठेवली होती आणि दर थांब्याला हात लावून बघत होते.

सराफ्यातली दुकानं अकराच्या आधी उघडत नाहीत. लवकर गेलात तर जवळच गुलमंडीच्या चौकात नाश्ता करून घ्या. मनीषा गारखेड्याहून स्कूटीवर आली. तिथं ती खोली घेऊन राहते, नोकरी करते. तिनं माझ्यासाठी गरम इमरती मागवली. मला एकच गेली.

दुकानात सराफानं ट्रे मांडले. पानाची नक्षी, फुलाची, दोन्ही बाजूंना बारीक खडे. मनीषानं सगळे बाजूला सारले. "साधी. चार नख्यांत एकच हिरा. सगळीकडून उजेड दिसला पाहिजे."

"ताई, पोरीची नजर चांगली आहे," सराफ मला म्हणाले. मी मान हलवली.

जुना खडा नेहमी आपल्यासमोर काढून घ्यावा, म्हणून आम्ही वर माळ्यावर गेलो. तिथं एक म्हातारे चाचा खडे बसवतात. त्यांनी नख्या उचकटल्या, हिरा चिमट्यात धरला आणि अंगठी उलटी करून मला दाखवली. खालच्या भोकात पांढरट थर घट्ट बसला होता.

"खाला, इत्ता आटा? रोटी बनाते थे क्या?"

"गिरणी होती," मी म्हणाले.

चाचा हसायचे थांबले. त्यांनी ब्रशनं तो थर हळूच काढला. मी बघत होते. कागदात बांधून द्या म्हणावंसं वाटलं. त्यांनी फुंकर मारली.

मग मी जे बोलायचं नाही ठरवलं होतं तेच बोलले. "खालून बंद करा. पत्रा लावा. हिरा बोटाला लागायला नको."

खडा अंगाला लागला तरच गुण-अवगुण दाखवतो, असं म्हणतात. यांच्या अंगठीचं कोंदण खालून उघडं होतं.

"नीचे से बंद करे तो उजाला कां से आएंगा? हीरा मर जाता, खाला."

मनीषा माझ्याकडं वळली. "आई, अण्णांना शुगर होती. गोळ्या चुकवायचे. डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले ना?"

"हो."

"मग हे काकूचं खूळ तुझ्या डोक्यात कधीपासून?"

"काकूचं नाही. माझंच आहे." आणि तिला पहिल्यांदाच आठ दिवसांची गोष्ट सांगितली. मीच घाई केली, हेही सांगितलं.

तिनं समोरचे लोखंडी चिमटे उचलून सरळ लावून ठेवले. मग चाचांना म्हणाली, "बंदच करा. आईला झोप लागू दे."

चाचांनी खांदे उडवले. "अल्ला मालिक."

तीन तास लागले. तेवढ्यात आम्ही जेवलो. अंगठी हातात आली तेव्हा सुबक होती, पण हिरा काचेसारखा दिसत होता. मनीषानं बोटात घातली आणि "छान झाली" म्हणाली. चारच्या गाडीनं मी परत निघाले.

महिना होत आला. परवा फोनवर ती हसत सांगत होती, "ऑफिसातली एक विचारते, अमेरिकन डायमंड आहे का गं? मी हो म्हणून टाकलं."

मीही हसले. पत्रा काढायला तासभरही लागत नाही, हे चाचांनी मला निघताना सांगितलं होतं. मनीषाला ते माहीत नाही. मला अलीकडं शांत झोप लागते, आणि रोज सकाळी उठल्यावर त्याचीच लाज वाटते. आज सांगू, उद्या सांगू, असं चाललंय.